गंजिफांचा राजवाडा

तळहातावर अलगद मावेल एवढं ते गोल पान होतं. लाल जमिनीवर नऊ मासे रंगवून झाले होते, दहाव्याची शेपटी तेवढी यायची होती. रंगवणाऱ्या ताईंनी करंगळी पानाच्या कडेला टेकवली, श्वास किंचित रोखला आणि कुंचल्याच्या दोन फटकाऱ्यांत शेपटी उमटली. पान सुकायला बाजूला गेलं, दुसरं हातात आलं. मी उभ्यानंच बघत होतो.

"बसा हयसर," त्या म्हणाल्या. "उभ्यान काय दिसतला?"

मी शेजारी मांडी घातली. वर झुंबर, भिंतींवर राजघराण्यातल्या पूर्वजांची चित्रं, आणि खाली ताईंच्या पुढ्यात बसकं मेज, रंगांच्या वाट्या, पाण्याचा पेला. एकेकाळी जिथं मानकरी हुद्द्याप्रमाणे बसत, त्याच दालनात आज रंगाचे हात चालतात.

"तुमका खेळूक येता?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नाही हो, ताई. घरी न्यायच्यात. फ्रेम करून लावीन म्हणतो."

"भिंतीर लावन काय उपेग? खेळाचो जिन्नस तो. शिकान घेवा."

हे बोलणं सावंतवाडीच्या राजवाड्यातल्या दरबार हॉलमध्ये झालं. पुढचे दोन दिवस मी त्याच आवारात मुक्कामाला होतो. वाडा पाहिला, तलावाला फेऱ्या घातल्या, चितारआळीत हिंडलो. पण ताईंचं ते वाक्य काही केल्या पाठ सोडेना. भिंतीवर लावायची वस्तू आणि वापरायची वस्तू यांतला फरक या वाड्यानं पन्नासेक वर्षांपूर्वीच ओळखला होता, हे मला हळूहळू उमगत गेलं.

वाडी

मालवणचा किनारा सोडून कुडाळमार्गे दक्षिणेला निघालं की समुद्र मागे राहतो आणि सह्याद्रीची निळी रांग जवळ येत जाते. आंबोली घाटाच्या पायथ्याचं, गोव्याच्या वेशीजवळचं हे गाव. मूळ चराठे गावाच्या हद्दीत सावंत-भोसल्यांनी सतराव्या शतकात आपली राजधानी वसवली. तिला सुंदरवाडी म्हणत, पुढे सावंतांची म्हणून सावंतवाडी झाली. आजूबाजूच्या गावांतली माणसं अजून नुसतं 'वाडी' म्हणतात. 'वाडीक जातंय' म्हटलं की कुठली वाडी हे कोणी विचारत नाही.

गावाच्या मधोमध मोती तलाव. त्याच्या एका अंगाला बाजारपेठ, दुसऱ्या अंगाला माडांच्या आड लाल जांभ्या दगडाचा राजवाडा. जांभा हा कोकणातल्या घराघरांचा दगड. खाणीतून काढताना मऊ, वाऱ्या-उन्हात राहिला की टणक. राजाचा वाडा आणि शेजारच्या शेतकऱ्याचं घर एकाच जातीच्या चिऱ्यांचं आहे, हे इथं सहज दिसतं. वाडा उंचीनं कोणाला दिपवत नाही. कमानी, सोपे, उतरती कौलं, पुढे मोकळं अंगण, सगळं ऐसपैस आणि माणसाच्या मापाचं. राजस्थानातले महाल पाहून आलेल्याला तो आधी साधाच वाटेल. कोकणातल्या माणसाला मात्र तो ओळखीचा वाटतो. आपल्याच आजोळच्या घराचा थोरला भाऊ असावा तसा.

वाडा बांधला तिसऱ्या खेम सावंतांनी. त्यांची कारकीर्द १७५५ ते १८०३, म्हणजे तब्बल अठ्ठेचाळीस वर्षांची, आणि त्यात स्वस्थता थोडीच होती. १७६३ मध्ये जयाप्पा शिंद्यांची कन्या लक्ष्मीबाई या घरात सून म्हणून आली. शिंद्यांचं वजन तेव्हा उत्तरेत वाढत होतं. त्या सोयरिकीमुळे दिल्लीच्या बादशहाकडून वाडीकरांना 'राजेबहादूर' किताब मिळाला. कोल्हापूरकरांना तो मान खुपला आणि दोन्ही गाद्यांत लढाया झडत राहिल्या. दक्षिणेला गोव्यात पोर्तुगीज, समुद्रावर इंग्रज, घाटावर कोल्हापूर. एवढ्या धामधुमीत या राजाच्या पदरी विद्वान आणि कारागीर होते. तेलंगणातून आलेल्या पंडितांनी गंजिफांचा खेळ इथं आणला, राजाला तो आवडला आणि वाडीच्या चितारी मंडळींना नवं काम मिळालं, असं इथं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं.

एकशेवीस पानांचा खेळ

गंजिफा हा मूळचा इराणकडून आलेला खेळ. बाबरानं १५२७ मध्ये सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या दरबारातल्या गंजिफांचं वर्णन अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त केलं आहे. मोगली गंजिफांत आठ रंग आणि शहाण्णव पानं असत. गुलाम, ताज, शमशेर अशी दरबारी नावं. तो खेळ हिंदू घरांत आणि दरबारांत रुळला तेव्हा त्या रंगांच्या जागी विष्णूचे अवतार आले. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की असे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, एकूण एकशेवीस. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. राजाच्या पानावर स्वतः अवतार बसलेला. बाकीच्या पानांवर त्याची खूण तितक्या वेळा काढलेली. मत्स्याचे मासे, कूर्माची कासवं, परशुरामाच्या कुऱ्हाडी.

खेळणारे तिघं, प्रत्येकाला चाळीस पानं. गोल पानांचा चाळीसांचा पंखा हातात धरून बसणं हेच नवशिक्याला अवघड जातं. हुकूम नावाची चीज या खेळात नाही. कोणती पानं पडली आणि कोणाच्या हातात काय उरलं असेल, हे लक्षात ठेवणाराच जिंकतो. त्यात एक मजेशीर पेच आहे: दहापैकी पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान, उरलेल्या पाचांत उलटं, एक्का प्रधानाच्या खालोखाल आणि दश्शी तळाला. म्हणजे एकाच डोक्यात दोन प्रकारचे हिशेब एकाच वेळी चालले पाहिजेत. म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तल्लख राहावी म्हणून हा खेळ खेळत असत, असं म्हणतात ते पटण्यासारखं आहे.

पहिली उतारी कोणाची, याचा नियम मला सगळ्यात आवडला. खेळ दिवसा मांडला असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री मांडला असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. राम सूर्यवंशी, दुपारी बाराला जन्मलेला. कृष्ण चंद्रवंशी, मध्यरात्री कारागृहात जन्मलेला. खेळाच्या नियमात पंचांग असं गुपचूप येऊन बसलं आहे.

हे दहा अवतार या मातीला नवे नाहीत. कार्तिकानंतर दक्षिण कोकणातल्या गावोगावच्या जत्रांत रात्री दशावतारी नाटक उभं राहतं. आधी आडदशावतार, त्यात गणपती, सरस्वती, काळ्या वेषातला संकासुर, आणि मग पहाटेपर्यंत आख्यान. गंजिफा रंगवणाऱ्या कित्येक हातांनी तो रंगभूषेचा लाल, पिवळा, हिरवा लहानपणी आईच्या मांडीवर जागून पाहिलेला असतो. पानावरच्या राजाचे टपोरे डोळे आणि पिळदार मिशा पाहिल्या की मला तरी देवळापुढच्या मांडवात बसल्यासारखं वाटतं.

पान कसं तयार होतं

जुन्या रीतीत कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनं एकमेकांवर चिकटवत, वर खडूच्या पुडीचा लेप देत आणि घोटून घोटून पृष्ठभाग गुळगुळीत करत. मग गोल कापणं, जमीन रंगवणं, चित्र काढणं आणि शेवटी लाखेचा हात. लाखेमुळे पानावर चकाकी येते, बोटांचा घाम आणि कोकणातली दमट हवा आत शिरत नाही. दरबारी आणि बाजारी असे दोन प्रकार पूर्वीपासून आहेत. दरबारी पानाला नक्षीची किनार आणि बारीक काम, बाजारी पान साधं, पटकन हातावेगळं होणारं, खिशाला परवडणारं. राजे खेळत, तसेच सामान्य लोकही खेळत, याचा हा पुरावाच.

मी बसलो होतो त्या दुपारी ताई माशांची पानं करत होत्या आणि पलीकडे दुसऱ्या कारागिराच्या हातात राजाची पानं होती. दोन कामांचा वेग अगदी वेगळा. माशांचं काम तालावर चालतं. एक वळण, दुसरं वळण, डोळ्याचा ठिपका, शेपटी. दहा माशांत एकाची पाठ दुसऱ्यापेक्षा फुगली तर पान लंगडं दिसतं, म्हणून हाताला एकच माप बसलेलं लागतं. राजाच्या पानावर हात थांबून थांबून चालतो. आधी अंगाचा रंग, तो सुकला की वस्त्र, मग दागिन्यांचे पिवळे ठिपके, आणि बुबुळ सर्वांत शेवटी. बुबुळ पडल्यावर चेहरा एकदम बघायला लागतो. तो क्षण मी तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा नकळत पुढे झुकलो.

"एका डावाची सगळी पानं एकाच हातान केलेली बरी," ताई म्हणाल्या. "हात बदललो काय राजा दुसऱ्या घरचो वाटता."

एकशेवीस पानं, प्रत्येक पान कितीदा हातात घ्यायचं, कितीदा सुकवायचं, याचा मनातल्या मनात हिशेब केला तेव्हा किमतीच्या चिठ्ठीकडे पाहण्याची माझी नजर बदलली.

राजानं धरलेला कुंचला

हे सगळं संपण्याच्या बेतात होतं. १८३१ मध्ये लंडनच्या थॉमस दि ला रू यांनी रंगीत पत्ते छापण्याचं पेटंट घेतलं आणि यंत्रावरचे, स्वस्त, चौकोनी, बावन्न पानांचे कॅट जगभर पसरले. एकशेवीस गोल पानं रंगवणाऱ्याचा त्या यंत्रापुढे निभाव लागणं शक्य नव्हतं. दुसरीकडे आश्रयदाताच अडचणीत आला. १८३८ मध्ये इंग्रजांनी वाडी संस्थानाचा कारभार आपल्या हाती घेतला. विसाव्या शतकात पाचवे खेम सावंत, ज्यांना लोक बापूसाहेब महाराज म्हणतात, त्यांनी प्रजेच्या मनात मोठं घर केलं. पण १९३७ मध्ये, चाळिशी गाठण्याआधीच, ते गेले. त्यांच्या अल्पवयीन मुलाच्या, शिवरामराजांच्या वतीनं राणी पार्वतीदेवींनी कारभार पाहिला. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्याचा भाग बनलं, आणि १९७१ मध्ये देशातल्या सगळ्याच संस्थानिकांचे तनखे बंद झाले.

अशा वेळी जुन्या घराण्यांपुढे वाटा ठरलेल्या असत. वस्तू विकणं, वाडा भाड्यानं देणं, मुंबईला जाऊन राहणं. शिवरामराजे आणि बडोद्याहून या घरात आलेल्या राणी सत्वशीलादेवी यांनी वेगळीच वाट धरली. त्या सुमारास गंजिफांची पूर्ण विद्या जाणणारे पुंडलिक चितारी हे एकच वृद्ध कारागीर उरले होते. राजा-राणी त्यांचे शिष्य झाले. दोघांच्या हातात चित्रकला होतीच; चिताऱ्यांकडून त्यांनी पानाची जमीन, रंगांचा क्रम, अवतारांच्या खुणा, लाखेचा हात हे सगळं शिकून घेतलं. मग गावातल्या तरुण मुलामुलींना गोळा केलं, त्यांना शिकवलं आणि १९७०च्या दशकाच्या आरंभी 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' उभं केलं. कामाला जागा कुठली द्यायची? दरबार हॉल दिला.

या प्रसंगाचं मोल मला फार मोठं वाटतं. शेकडो वर्षं राजानं आज्ञा करायची आणि चिताऱ्यानं मान लवून काम करायचं, हा शिरस्ता होता. इथं राजा खाली बसला आणि चितारी गुरू झाला. दरबाराचं खरं रूप त्या दिवशी बदललं. शिवरामराजे अनेक वर्षं या भागाचे आमदारही होते. लोकांमध्ये मिसळण्याची सवय त्यांना होती, आणि तरीही निवडणुकीच्या राजकारणाइतकाच वेळ त्यांनी रंगाच्या वाटीला दिला. ते १९९५ मध्ये गेले. सत्वशीलादेवी त्यानंतरही दोन तपं कारागिरांच्या पाठीशी उभ्या राहिल्या; २०१८ मध्ये त्यांचं निधन झालं. वाडीतली जुनी माणसं त्यांच्याबद्दल बोलताना 'राणीसाहेब' म्हणतात आणि लगेच त्यांच्या एखाद्या चित्राची गोष्ट सांगतात.

परदेशातल्या अभ्यासकांचंही लक्ष त्याच काळात या पानांकडे वळलं होतं. मुंबईत स्थायिक झालेले जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी भारतभरच्या गंजिफांचा ध्यास घेतला होता. त्यांच्या अभ्यासातून १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये गंजिफांचं प्रदर्शन भरलं. ओडिशाचे चित्रकार, बंगालमधल्या बिष्णुपूरचं फौजदार घराणं, म्हैसूरची परंपरा अशी मोजकीच ठिकाणं आज या कलेच्या नकाशावर उरली आहेत. त्या नकाशावर सावंतवाडी राहिली ती दरबार हॉलमधल्या त्या बसक्या मेजांमुळे.

चितारआळी ते पिंगुळी

वाड्यातून बाहेर पडून चितारआळीत शिरलं की एकाच कलेची दुसरी शाखा दिसते. लाकडी आंबे, केळी, फणस, वांगी, मिरच्या; इतकी हुबेहूब की हातात घेतल्यावर वजनानं कळतं. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, त्यावर रंग आणि लाख. लहान मुलींची भातुकली, देव्हारे, रंगीत पाट, आणि लाकडाची ठकी. पूर्वी कोकणातल्या किती पोरींनी ठकीला न्हाऊमाखू घातलं असेल! एकोणिसाव्या शतकात हे गाव वाळ्याच्या पंख्यांसाठी आणि गव्याच्या शिंगाच्या वस्तूंसाठीही प्रसिद्ध होतं. पंख्यांवर भुंग्यांच्या हिरव्या चमकत्या पंखांची टिकल्यांसारखी नक्षी असे. ती कामं आता दिसत नाहीत. कला एका पिढीत कशी नाहीशी होते, ते वाडीनं पाहिलेलं आहे. म्हणूनच जी उरली तिचं महत्त्व.

कुडाळजवळचं पिंगुळी हे याच राजाश्रयाचं आणखी एक पान. तिथल्या ठाकर समाजाला वाडीच्या सावंत-भोसल्यांनी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि छायाबाहुल्यांच्या खेळांसाठी आश्रय दिला. देवळात पोथीतली चित्रं एकेक उलगडत रामायण-महाभारताची कथा सांगायची, ही त्यांची विद्या. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ चा पद्मश्री जाहीर झाला. गंजिफा, चित्रकथी आणि दशावतार या तिन्हींना एकत्र पाहिलं की लक्षात येतं, या मुलखानं पुराणं वाचली कमी आणि पाहिली जास्त.

मुक्काम

राजवाड्याच्या आवारात आता राहता येतं. आजचे राजे खेमसावंत आणि शुभदादेवी यांच्या घरातल्या पुढच्या पिढीनं, लखमराजे आणि श्रद्धादेवी यांनी, आवारातल्या एका जुन्या इमारतीत 'सावंतवाडी पॅलेस बुटीक आर्ट हॉटेल' सुरू केलं. खोल्या मोजक्याच. त्यांच्या सजावटीचं सूत्र गंजिफांतले विष्णूचे अवतार, आणि भिंतींवरचं काम इथल्याच कारागिरांच्या हातचं. म्हणजे रात्री ज्या अवताराखाली झोपायचं, तोच दुपारी दरबार हॉलमध्ये बोटभर आकारात रंगताना पाहायचा.

पहाटे जाग येते ती पाखरांच्या आवाजानं. अंगणातून बाहेर पडून मोती तलावाला फेरी घालायची. चालायला आलेले पेन्शनर, शाळेच्या गणवेशातली मुलं, पाण्यावर वाड्याचं आणि डोंगराचं प्रतिबिंब. राणी पार्वतीदेवींच्या नावाची शाळा, पंचम खेमराजांच्या नावाचं कॉलेज; राजघराण्याची नावं इथं पाट्यांवर तेवढी उरलेली नसून मुलांच्या रोजच्या तोंडी आहेत. परत आल्यावर घावणे आणि नारळाचा रस, दुपारी माशाची कढी, भात आणि शेवटी सोलकढी. पाहुणा म्हणून वागवतात, पण बडेजाव नाही. कोणी पागोटं घालून सलाम ठोकत नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही.

जुन्या वाड्यांत पाहुणे उतरवण्याची रीत जगभर आहे. आपल्याकडे जयपूरचा रामबाग १९५७ मध्ये हॉटेल झाला, उदयपूरचा तलावातला महाल १९६३ मध्ये. युरोपात पोलंडची गोष्ट मला या संदर्भात आठवते. तिथं १९४४ च्या जमीन सुधारणेत मोठ्या जमीनदारांच्या जमिनी आणि वाडे सरकारनं घेतले. खेड्यापाड्यांतल्या महालांत सरकारी शेतांची कार्यालयं, शाळा, गोदामं आली. कित्येक नुसतेच ओस पडले. १९८९ नंतर त्यांतले काही डागडुजी करून मुक्कामासाठी उघडले. येलेन्या गुरा या शहराभोवतालच्या खोऱ्यात तर असे तीसेक वाडे आहेत, आणि तिथल्या वोम्नित्सा गावातला वाडा पूर्वीच्या मालक घराण्यानंच १९९०च्या दशकात पुन्हा हाती घेऊन उभा केला. तिथं मध्ये जवळजवळ अर्धं शतक तुटलं. घरातली माणसं गेली, त्यांच्याबरोबर घरातलं काम गेलं, आणि नंतर आलेल्यांना भिंतींपासून सुरुवात करावी लागली. वाडीत राज्य गेलं, तनखा गेला, पण माणसं त्याच घरात राहिली आणि त्यांनी काम हातचं सोडलं नाही. इथल्या मुक्कामाला जो जिवंतपणा आहे तो त्या न तुटलेल्या धाग्याचा आहे.

आणि तो धागा सांभाळणं सोपं नाही. या भागात पावसाळा कोसळतो तेव्हा चार महिने ऊन पाहायला मिळणं मुश्कील. जांभ्यावर शेवाळ चढतं, लाकडाला वाळवी लागते, दरवर्षी मिरगाआधी कौलं चाळून घ्यावी लागतात. हे घरोघरचं काम एवढ्या मोठ्या छपराचं करायचं तर केवढा खर्च! गंजिफांनाही दमट हवेचा त्रास. एकेक थर सुकायला श्रावणात वैशाखाच्या दुप्पट वेळ जातो. सावंतवाडीच्या गंजिफांना अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे 'सावंतवाडीची' म्हणून दुसरीकडची पानं खपवणं कायद्यानं अवघड झालं. पण मानांकनानं कारागिराचं घर चालत नाही, मागणीनं चालतं. गोव्यात किंवा मुंबईत महिन्याच्या पगाराची नोकरी मिळत असताना एखाद्या मुलीनं दिवसभर मासे का रंगवावेत, या प्रश्नाला एकच प्रामाणिक उत्तर आहे: तिच्या कामाचे योग्य पैसे देणारं गिऱ्हाईक तिला मिळालं पाहिजे. वाड्यातला मुक्काम त्या गिऱ्हाइकाला तिच्या मेजापर्यंत आणतो. पुढचं आपल्या हातात.

म्हणून इथं जाणाऱ्याला माझं मनापासून सांगणं आहे: एक रात्र काढून आणि तलावाचे फोटो घेऊन परतू नका. दुपारी दोन तास दरबार हॉलमध्ये बसा. एक पान सुरुवातीपासून शेवटपर्यंत होताना बघा. किमतीत घासाघीस करू नका. चितारआळीत जाऊन एक ठकी घ्या, जमलं तर पिंगुळीला जाऊन चित्रकथी ऐका. मालवणला सिंधुदुर्ग किल्ला बघायला येणाऱ्या गर्दीतल्या थोड्याजणांनी जरी वाकडी वाट करून वाडी गाठली, तरी त्या बसक्या मेजांमागे आणखी चार माणसं बसू शकतील.

उतारी

निघायच्या आदल्या दिवशी मी पूर्ण डाव घेतला, बाजारी. ताईंनी त्यांच्या हातानं पेटीत पानं लावून दिली. राजा वर, मग प्रधान, मग दश्शीपासून खाली. पेटीच्या सरकत्या झाकणावरही चित्र होतं. "खेळतलास ना?" त्यांनी परत विचारलं. तुम्ही-आम्ही संपून आता 'तू'वर आल्या होत्या, आणि मला बरं वाटलं. मी हो म्हणालो.

त्या रात्री जेवणानंतर पडवीत आम्ही तिघं बसलो. बायको, मी आणि वेंगुर्ल्याहून भेटायला आलेले तिचे मामा. मामांच्या आजीकडे गंजिफा होत्या आणि ती खेळायची, एवढं त्यांना आठवत होतं. नियम मात्र अर्धेमुर्धे. खाली चादर पसरली. गोल पानं वाटणं हाच पहिला घोळ. ती एकमेकांवरून घसरतात, एक पान मेजाखाली गेलं ते शोधण्यात पाच मिनिटं गेली. चाळीस पानांचा पंखा कोणालाच धरता येईना, शेवटी मांडीवर ढीग करून त्यांतून पानं लावली. पाच रंगांत दश्शी मोठी आणि पाच रंगांत एक्का, हे मी कागदावर लिहून मध्ये ठेवलं. बाहेर तलावाच्या कडेचे दिवे पाण्यात हलत होते.

मामांनी आपली पानं दोनदा चाळली. मग चष्मा कपाळावर चढवून एक पान दिव्याजवळ नेऊन पाहिलं. निळा, मुकुट घातलेला, बुबुळं नुकती उमटल्यासारखी ताजी.

"रात्र आहे ना?" ते म्हणाले. "मग माझी उतारी."

आणि त्यांनी कृष्ण चादरीवर टाकला.